एकाच रेतीचे दोन दगड

(मंडळाच्या गणेशोत्सवात दिलेल्या व्याख्यानाचा लेखी मजकूर)



कार्यक्रमपत्रिकेत माझ्या आधी भावगीते आहेत आणि माझ्यानंतर महाप्रसाद. या दोहोंच्या मध्ये दगडावर बोलायला उभे राहायचे म्हणजे धाडसच आहे. पण कार्यकारिणीने सांगितले, "दिल्लीशी संबंधित काहीतरी बोला, आणि मुलांनाही समजेल असे बोला." दिल्लीशी सर्वांत जुना संबंध कोणाचा, असा विचार केला तेव्हा दगडाखेरीज दुसरे नाव सुचले नाही. पांडवांच्या कितीतरी आधीपासून तो येथे मुक्कामाला आहे.

शाळेच्या भूगोलात आपण सर्वांनी खडकांचे तीन प्रकार पाठ केले. अग्निज, स्तरित आणि रूपांतरित. त्याखाली एक तक्ता असे. चुनखडकाचा संगमरवर होतो, शेलचा पाटीचा दगड होतो, ग्रॅनाइटचा नीस होतो आणि वालुकाश्माचा क्वार्टझाइट होतो. "जोड्या लावा" या प्रश्नात चार गुण मिळाले की तो तक्ता आपण विसरलो. आज मी त्या तक्त्यातली शेवटची एकच ओळ घेणार आहे, कारण ही ओळ दिल्लीत चालता-फिरता पाहायला मिळते. येथील टेकड्या क्वार्टझाइटच्या आहेत आणि येथील नामांकित इमारती वालुकाश्माच्या. एक रूपांतरित, दुसरा स्तरित. आणि दोघांचेही मूळ द्रव्य एकच, ते म्हणजे रेती.

आपल्या सवयीचा दगड

महाराष्ट्रातून येथे आलेल्या आपल्यापैकी बहुतेकांच्या डोळ्यांपुढे दगड म्हटले की काळा फत्तर येतो. सह्याद्रीचे कडे, शिवरायांचे किल्ले, वेरूळचे कैलास लेणे, आजीचा पाटा-वरवंटा, हा सगळा बेसॉल्ट. तो अग्निज खडक. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून लाव्हा बाहेर आला, पसरला आणि थिजला. कोकणातल्या मंडळींना जांभा आठवेल आणि चंद्रपूरकडच्या मंडळींना कोळशाच्या थरांबरोबर सापडणारा वालुकाश्म आठवेल. पण देशावरच्या माणसाला दगड म्हणजे काळाच.

दिल्लीत आल्यावर रंग बदलतो. लाल किल्ला लाल, राष्ट्रपती भवन पिवळसर आणि लाल, तुघलकाबादचा किल्ला करडा. सकृद्दर्शनी वाटते की हे तीन वेगळ्या जातींचे दगड असावेत. प्रत्यक्षात लाल आणि पिवळसर हे दोन्ही वालुकाश्मच आहेत, फरक फक्त लोहाच्या अंशाचा. रेतीच्या कणांवर लोहाच्या गंजाचा पातळ लेप बसला की दगड लाल दिसतो. घरात तुळशीवृंदावनाला गेरू लावतो ना, त्याच्या तांबडेपणाचे कारणही तेच. करडा दगड मात्र खरोखर वेगळा आहे. तो क्वार्टझाइट.

राजगिऱ्याचा लाडू आणि खडीसाखर

आता फरक नेमका कशात आहे ते पाहू. महाप्रसाद जवळ आला आहे, म्हणून उदाहरणही तिकडचेच घेतो.

नदीच्या किंवा उथळ समुद्राच्या तळाशी रेती साचते. तिच्यावर आणखी थर बसतात, खालचे थर दाबले जातात. कणांच्या मधल्या फटींतून पाणी झिरपते आणि जाताना थोडी सिलिका, थोडा चुना, थोडे लोह मागे ठेवते. तेच चिकटवणीचे काम करते. अशा रीतीने सुट्या रेतीचा वालुकाश्म होतो. हा झाला राजगिऱ्याचा लाडू. दाणे जसेच्या तसे आहेत, गुळाने त्यांना धरून ठेवले आहे. लाडू फोडला तर दाणे फुटत नाहीत, गूळ सुटतो. वालुकाश्म फोडला की भेग कणांना वळसा घालून जाते. म्हणून फुटलेल्या पृष्ठभागावर बोट फिरवले तर बारीक पॉलिशपेपरसारखे खरखरीत लागते आणि एखाददुसरा कण बोटाला चिकटून येतो.

आता असाच वालुकाश्म पृथ्वीच्या हालचालींत कित्येक किलोमीटर खोल गेला, तेथे काही शे अंश उष्णता आणि वरच्या खडकांचा प्रचंड दाब त्याने लाखो वर्षे सोसला, असे समजा. तो वितळत नाही. वितळला असता तर अग्निज झाला असता. तो घनच राहतो, पण आतले गारगोटीचे कण नव्याने स्फटिक होतात, एकमेकांच्या फटींत वाढतात आणि दातात दात घालून बसतात. वेगळी चिकटवणी उरतच नाही. ही झाली खडीसाखर. खडीसाखरेचा खडा फोडला तर तो कुठेही फुटतो, दाणा आणि गूळ असा भेद तिथे नाही. क्वार्टझाइट फोडला की भेग कणांच्या आरपार जाते. फुटलेला भाग चकाकतो, कडा धारदार निघते आणि हातोड्याचा घाव बसला की दगड खणखणतो.

द्रव्य तेच, कण तेच, फक्त कणांना धरून ठेवण्याची रीत बदलली. यापुढे जे जे सांगणार आहे ते सगळे या एका फरकातून निघते. कोणता दगड कोरता येतो, कोणता भार सोसतो, कोणता पाणी पितो आणि कोणता म्हातारा होतो, याचे उत्तर प्रत्येक वेळी येथेच सापडेल.

अशीच दुसरी जोडी आपल्या समोरच्या मखरात आहे. शाडूची मूर्ती ही बारीक गाळाची. तिचे कण कशानेही बांधलेले नाहीत, म्हणून ती पाण्यात विरते. असाच गाळ जमिनीखाली दबून घट्ट झाला की शेल होतो, आणि शेल रूपांतरित झाला की पाटीचा दगड. ज्या पाटीवर आपल्या आधीच्या पिढ्यांनी "ग गणपतीचा" गिरवला, ती पाटी आणि हा शाडू एकाच कुळातले.

वय नव्हे, भोग

येथे एक प्रश्न हमखास विचारला जातो. म्हणजे वालुकाश्म पुरेसा जुना झाला की आपोआप क्वार्टझाइट होतो का? तर नाही. दिल्लीच्या टेकड्यांचा क्वार्टझाइट ज्या रेतीतून झाला ती दीड अब्ज वर्षांहूनही जुनी आहे. लाल किल्ल्याचा दगड ज्या विंध्य खडकसमूहातून येतो, त्याच्या वरच्या थरांचे वय सुमारे एक अब्ज वर्षे धरतात. म्हणजे तोही काही तरुण नव्हे. आपला सह्याद्रीचा बेसॉल्ट या दोघांपुढे अगदी पाळण्यातला.

एक अब्ज वर्षे होऊनही विंध्य वालुकाश्म वालुकाश्मच राहिला. त्याचे थर आजही बव्हंशी आडवे आहेत, कारण तो पर्वत घडण्याच्या ओढाताणीत सापडला नाही. शेजारची अरवली सापडली. तिचे थर दुमडले, उभे झाले, खोल गेले, तापले आणि कोट्यवधी वर्षांच्या झिजेनंतर पुन्हा उघडे पडले. राजस्थानात या दोन प्रदेशांच्या मधून एक मोठा प्रस्तरभंग जातो. त्याच्या एका बाजूला रूपांतरित खडक आणि दुसऱ्या बाजूला स्तरित. खडकाचा प्रकार ठरतो तो त्याने काय सोसले यावर, त्याला किती वर्षे झाली यावर नव्हे.

अशा ठिकाणी वक्त्याने "आपण दिल्लीकर मराठी माणसेही रूपांतरित खडकच" असे म्हणून टाळ्या घ्यायच्या असतात. तो मोह मी टाळतो. खडकाला कोणी विचारले नव्हते. आपण बदलीचा कागद हातात घेऊन आलो.

बांधणाऱ्यांना हे ठाऊक होते

भूगर्भशास्त्र हा शब्दही नव्हता तेव्हा येथल्या पाथरवटांना हा फरक पक्का माहीत होता. त्याचा सर्वांत चांगला पुरावा मेहरौली-बदरपूर रस्त्यावर आहे. १३२१ साली गियासुद्दीन तुघलकाने तुघलकाबादचा किल्ला बांधायला घेतला. तो ज्या टेकडीवर उभा आहे, त्याच टेकडीचा क्वार्टझाइट काढून त्याच्या तटबंद्या रचल्या. मोठमोठे चिरे, उताराच्या भिंती आणि नक्षीकाम जवळजवळ नाहीच. रस्त्याच्या पलीकडे त्याच सुलतानाची कबर आहे. तिच्या आवाराचा तट करड्या क्वार्टझाइटचा, आतली इमारत लाल वालुकाश्माची आणि वरचा घुमट पांढऱ्या संगमरवराचा. संगमरवर म्हणजे रूपांतरित चुनखडक. अवघ्या काही पावलांत तीन दगड पाहायला मिळतात, आणि प्रत्येकाला आपापले काम नेमून दिलेले आहे.

हे काम कसे नेमले गेले? वालुकाश्मात छिन्नी कणांच्या मधली चिकटवणी सोडवत जाते, म्हणून तो हवा तसा घडवता येतो. शिवाय थरांवर पाचर मारली की त्याच्या सपाट लाद्या सुटतात. कमळ, जाळी, अक्षरे, काहीही कोरा. क्वार्टझाइटमध्ये छिन्नीला प्रत्येक ठोक्यागणिक गारगोटीच फोडावी लागते. काठिण्याच्या दहा अंकी मापात गारगोटी सातवर आहे आणि साधी पोलादी सुरी साडेपाचच्या आसपास. छिन्नी बोथट होते आणि दगड हवा तिथे न फुटता हवा तसा फुटतो. तेव्हा त्याच्यावर जाळी कोरण्याचा खटाटोप कोणी केला नाही. त्याला पाया, तट आणि भिंतींच्या पोटात बसवले.

कुतुबमिनार आपण सर्वांनी पाहुण्यांना दाखवला आहे. बाहेरून लाल आणि पिवळसर वालुकाश्म, त्यावर कोरलेल्या आयतांचे पट्टे. आतल्या भागात मात्र स्थानिक करडा क्वार्टझाइट आहे. आत जाऊन ते पाहता येत नाही, पण त्याची गरजही नाही. त्याच आवारात अलाउद्दीन खिलजीचा अर्धवट राहिलेला अलाई मिनार आहे. १३१६ साली तो मेला आणि काम पहिल्या मजल्यावरच थांबले. बाहेरचे लाल आवरण चढायचे राहून गेले, म्हणून ओबडधोबड दगडांचा गाभा तेवढा उघडा उभा आहे. पाहुणे तिकडे पाठ करून कुतुबचा फोटो काढतात. पुढच्या वेळी त्यांना दोन्ही दाखवा. एकाची कातडी आणि दुसऱ्याची हाडे एकाच आवारात आहेत.

त्यानंतरच्या राज्यकर्त्यांनीही हाच क्रम ठेवला. शाहजहानची जामा मशीद १६५६ मध्ये पूर्ण झाली. ती लाल वालुकाश्माची आहे, पण उभी आहे भोजला पहाडी नावाच्या क्वार्टझाइटच्या उंचवट्यावर. इंग्रजांनी रायसीना टेकडी निवडली. ती याच अरवलीच्या शेपटाचा भाग. तिच्यावर लट्यन्सने व्हाइसरॉय हाउस, म्हणजे आजचे राष्ट्रपती भवन, उभारले ते धौलपूरकडच्या वालुकाश्मात. २८ मे २०२३ रोजी उद्घाटन झालेल्या नव्या संसद भवनालाही राजस्थानातल्या सरमथुऱ्याचा वालुकाश्म लागला. आठशे वर्षांत राजवटी बदलल्या, पण बाहेर वालुकाश्म आणि खाली क्वार्टझाइट ही जोडी काही मोडली नाही.

मुलांसाठी आणखी एक गंमत. लाल किल्ल्याच्या किंवा फत्तेपूर सिक्रीच्या फरशांकडे नीट पाहिले तर काही ठिकाणी बारीक लाटांसारख्या रेघा दिसतात. ती कोणी केलेली नक्षी नव्हे. एक अब्ज वर्षांपूर्वी उथळ पाण्याने रेतीवर उठवलेल्या लहरी आहेत त्या. क्वार्टझाइटमध्ये अशा खुणा बहुधा पुसट होतात, पण अरवलीत कुठे कुठे त्याही शिल्लक आहेत. रूपांतर झाले तरी मूळ अक्षर पुरते पुसलेले नसते.

दगड आजारी कसा पडतो

आता थोडे आजच्याविषयी. वालुकाश्मात कणांच्या मधे सूक्ष्म पोकळ्या असतात. त्यांतून पाणी आत शिरते आणि पाण्याबरोबर क्षार. ऊन पडले की पाणी उडून जाते, पण क्षारांचे स्फटिक आतच वाढतात आणि कणांना ढकलतात. मग दगडाचे पापुद्रे सुटू लागतात. २०२५ साली लाल किल्ल्यावर एक संशोधन प्रसिद्ध झाले. हवेतल्या प्रदूषणामुळे त्याच्या भिंतींवर जिप्समयुक्त काळी पुटे चढली आहेत आणि दगडाचा पृष्ठभाग त्यांनी खराब होतो आहे, असे त्यात दाखवून दिले आहे. आपल्या फुप्फुसांत जी हवा जाते तीच त्या भिंतीही घेतात. क्वार्टझाइटला पोकळ्या जवळजवळ नसतात. तुघलकाबादची भिंत ढासळली असेल, तिचे चिरे निखळले असतील, पण सुट्या चिऱ्याचा पृष्ठभाग आजही ठणठणीत आहे.

घर बांधणाऱ्या किंवा दुरुस्त करणाऱ्या मंडळींसाठी यातून दोन-चार व्यवहाराच्या गोष्टी निघतात. आजकाल बंगल्यांना आणि सोसायट्यांच्या फाटकांना धौलपुरी किंवा गुलाबी दगडाच्या लाद्या उभ्या चिकटवतात. त्या लादीचे थर भिंतीला समांतर असतात. पाणी मागून शिरले की एकेक पापुद्रा सुटतो. म्हणून लादीच्या मागे ओल राहणार नाही, हे आधी पाहावे. जुन्या वालुकाश्माच्या सांध्यांत सिमेंट भरू नये. सिमेंट दगडापेक्षा घट्ट असते. ओल मग सांध्यातून बाहेर न पडता दगडातून पडते, आणि दगडच झिजतो. जुने लोक चुना वापरीत, त्यामागे हेच शहाणपण होते. चकाकीसाठी वर वॉर्निश मारणे म्हणजे घाम आलेल्या माणसाला रेनकोट घालण्यासारखे आहे.

बाजारात "क्वार्टझाइट" म्हणून ओट्यासाठी दगड मिळतो. कधी कधी त्या नावाखाली संगमरवर गळ्यात मारतात. नमुन्याचा तुकडा मागून घ्या आणि त्याच्या टोकाने जुन्या काचेवर रेघ ओढा. क्वार्टझाइट काचेला ओरखडा पाडतो, संगमरवर पाडत नाही. दुसरी परीक्षा लिंबाची. रात्रभर लिंबाची फोड ठेवली तर संगमरवरावर डाग उठतो, जिन्यातल्या कोटा फरशीवरही उठतो, कारण तीही चुनखडकच. क्वार्टझाइटवर लिंबाचा काही परिणाम होत नाही. आणि येथल्या बाजारातला लाल सिल-बट्टा घेणाऱ्या भगिनींसाठी सांगतो, तो वालुकाश्म आहे. आपल्या काळ्या पाट्यापेक्षा तो लवकर झिजतो. नवा असताना आधी मूठभर तांदूळ वाटून टाकून द्या, म्हणजे पहिली रेती चटणीत उतरणार नाही.

रिजचे पाणी

शेवटचा मुद्दा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. वालुकाश्म पाणी पोकळ्यांत धरतो. क्वार्टझाइटला पोकळ्या नाहीत, मग तो पाण्याच्या दृष्टीने निरुपयोगी का? अजिबात नाही. तो ठिसूळ आहे. पर्वत घडताना तो दुमडला तेव्हा त्याला असंख्य भेगा आणि सांधे पडले. पाऊस त्या भेगांतून खाली उतरतो आणि टेकडीच्या पायथ्याच्या गाळात जाऊन साठतो. मेहरौलीच्या परिसरात एवढ्या बावड्या का, याचे उत्तर यातच आहे. १५०६ ची राजों की बावली पाहा. आपल्याकडच्या बारवेसारखीच ती पायऱ्यापायऱ्यांनी खाली जाते. टेकडीत मुरलेले पाणी भेगांवाटे कुठे येते, हे तिच्या बांधकाऱ्यांनी हेरले होते.

अरवलीच्या या शेवटच्या टोकाला दिल्लीत रिज म्हणतात. रिज आपण कशासाठी वापरली? खडीसाठी आणि "बदरपूर"साठी. ज्यांनी येथे जुन्या काळी घर बांधले त्यांना हा शब्द ठाऊक आहे. गिलाव्याला "जमुना" रेती आणि काँक्रीटला "बदरपूर". जमुना म्हणजे यमुनेची बारीक रेती, मुख्यतः हिमालयातून वाहत आलेली. बदरपूर म्हणजे कुजलेल्या, ठिसूळ झालेल्या क्वार्टझाइटची जाडी, टोकदार रेती. भट्टीच्या खाणींतून ती वर्षानुवर्षे निघत होती. १९९० च्या सुमारास त्या खाणी बंद झाल्या आणि आज तेथे असोला भट्टी अभयारण्य आहे. २००२ साली सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली-हरियाणा सीमेजवळच्या अरवलीतील खाणकामाला बंदी घातली आणि २००९ मध्ये फरिदाबाद, गुरुग्राम, मेवातपर्यंत ती लागू केली. तोवर बरेच नुकसान होऊन गेले होते. पाणी साठण्याच्या पातळीखाली खाणी गेल्या की भेगांतले पाणी खाणीत येते आणि उपसून फेकले जाते. फरिदाबादजवळचा बडखल तलाव या शतकाच्या पहिल्या दशकात कोरडा पडला, त्यामागचे एक मोठे कारण हेच मानले जाते. आपल्यापैकी अनेकांनी त्या तलावात मुलांना नावेतून फिरवले असेल.

नोव्हेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अरवलीची एक व्याख्या स्वीकारली. भोवतालच्या जमिनीपासून १०० मीटर किंवा अधिक उंच असेल तीच अरवलीची टेकडी. त्यावर देशभर टीका झाली आणि डिसेंबरच्या अखेरीस न्यायालयानेच त्या निर्णयाला स्थगिती दिली. कायद्याच्या बाजूवर मी बोलणार नाही, तो माझा अधिकार नाही. दगडाच्या बाजूने एवढेच सांगतो. दिल्लीतली रिज बहुतेक ठिकाणी आसपासच्या जमिनीपेक्षा जेमतेम काही दहा मीटर उंच आहे. पण पाणी मुरायला उंची लागत नाही, भेगा लागतात. आणि त्या भेगा पंचवीस मीटरच्या टेकाडातही तितक्याच आहेत. वर डांबर, फरशी आणि काँक्रीट ओतले की भेग बुजते. मग पावसाळ्यात रस्त्यावर गुडघाभर पाणी आणि उन्हाळ्यात सोसायटीच्या दारात टँकर, हे आपण सगळे दरवर्षी पाहतोच.

लाल किल्ल्याला पहारा आहे, तिकीट आहे, पुरातत्त्व खाते आहे. रिजला यातले फारसे काही नाही, कारण तिच्यावर नक्षी नाही. कोरता येत नाही म्हणून ज्या दगडाला बांधणाऱ्यांनी पायात घातले, त्याला आपण आजही पायाखालचाच समजतो. दोन्ही दगड एकाच रेतीचे, पण एकाला स्मारक म्हणतो आणि दुसऱ्याला खडी. हा भेद दगडाने केलेला नाही.

म्हणून मंडळाला माझी एक सूचना आहे. दरवर्षी थंडीत आपली एक सहल जाते. या वर्षी ती दूर न नेता तुघलकाबादला न्यावी. सकाळी किल्ला आणि समोरची कबर पाहावी, तेथून कुतुबच्या आवारात अलाई मिनार पाहावा, आणि दुपारी संजय वनात रिजवरून चालावे. प्रत्येक मुलाला एक साधे भिंग द्यावे. वालुकाश्मातला सुटा कण आणि क्वार्टझाइटची चकाकती कड त्याने स्वतः पाहिली, तर भूगोलातला तो तक्ता त्याला पाठ करावा लागणार नाही. फक्त स्मारकाच्या किंवा वनाच्या आवारातला दगड कोणी खिशात घालून आणू नये. रस्त्याच्या कामावर पडलेल्या खडीतही क्वार्टझाइट भरपूर मिळतो.

आणि विसर्जनानंतर आपल्या इमारतीच्या आवारात पावसाचे पाणी मुरवण्याचा खड्डा असेल, तर तो उघडून पाहावा. बहुतेक ठिकाणी तो गाळाने भरलेला असतो. तो उपसण्याचे काम मंडळाच्या तरुण कार्यकर्त्यांनी पावसाळ्याआधी एक रविवार काढून केले, तर विघ्नहर्त्याचे तेवढेच काम आपल्या हातून होईल.

 महाप्रसादाची घंटा आता कोणत्याही क्षणी वाजेल, तेव्हा थांबतो.

गणपती बाप्पा मोरया!